डबा तोच, मीठ दुसरं: कमी सोडियमच्या मिठाची पारख

किराणा दुकानात मिठाच्या फळीवर हल्ली चार तऱ्हा दिसतात: साधं आयोडीनयुक्त, खडे मीठ, गुलाबी म्हणजे शेंदेलोण, आणि कमी सोडियमचं. रक्तदाबाच्या हिशेबात पहिल्या तिन्हींत दखल घ्यावी असा फरक नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गुलाबी मीठसुद्धा ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच असतं. रंग येतो तो उरलेल्या दोन-तीन टक्क्यांतल्या लोहामुळे आणि इतर क्षारांमुळे, आणि त्यांचं प्रमाण इतकं किरकोळ असतं की अंगी लागण्याचा प्रश्नच नाही. उलट बहुतेक शेंदेलोणात आयोडीन घातलेलं नसतं. पादेलोणाचीही तीच गत. वास वेगळा, सोडियम तेच. “बीपी निघालं म्हणून आम्ही शेंदेलोणावर आलो” असं सांगणारी घरं पुष्कळ आहेत. उपवासाला खुशाल वापरावं, पण रक्तदाबाचं औषध समजून त्याला दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

म्हणून इथे पारख करायची ती फक्त चौथ्या तऱ्हेची. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांत टाटा सॉल्ट लाइट १५ टक्के कमी सोडियमचं आणि टाटा सॉल्ट सुपर लाइट ३० टक्के कमी सोडियमचं. इतरही नावं येत-जात असतात. नाव कुठलंही असो, पाकीट उलटं करून मागचा तक्ता वाचायचा. १०० ग्रॅम साध्या मिठात सोडियम ३८ ते ३९ ग्रॅम असतं. १५ टक्केवाल्यात ते ३३ ग्रॅमच्या आसपास हवं, ३० टक्केवाल्यात २७ ग्रॅमच्या आसपास. घटकांच्या यादीत ‘पोटॅशियम क्लोराइड’ हे शब्द हवेत. सोडियमचा आकडा ३८ असेल आणि पुढे ‘नैसर्गिक’, ‘हिमालयीन’, ‘खनिजयुक्त’ असं काहीही लिहिलेलं असेल, तर ते साधंच मीठ आहे, कपडे फक्त वेगळे.

पुरावा कुठल्या मिठाचा आहे

या मिठाबद्दलचा सगळ्यात भक्कम अभ्यास चीनच्या खेड्यांतला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. ६०० गावं, जवळजवळ २१ हजार माणसं. एकतर आधी पक्षाघात होऊन गेलेला, नाहीतर वय साठीच्या पुढे आणि रक्तदाब वाढलेला, अशी. अर्ध्या गावांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ दिलं, बाकीच्या गावांनी नेहमीचंच खाल्लं. सुमारे पावणेपाच वर्षांनी पाहिलं तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं १२ टक्क्यांनी कमी होतं. मिठाच्या बरणीत काय आहे एवढंच बदलून हे साधलं. गोळी नाही, पथ्याचा कागद नाही.

आपल्या जवळचा अभ्यास तेलंगणातल्या सिद्दिपेट भागातला. उच्च रक्तदाबाच्या सुमारे ५०० रुग्णांना ७०-३० चं मिश्रण तीन महिने दिलं तेव्हा वरचा रक्तदाब साध्या मिठाच्या गटापेक्षा साडेचार अंशांहून थोडा जास्त उतरला. तिथला स्वयंपाक आपल्यासारखाच, डाळ-भाजी-भात-लोणच्याचा, त्यामुळे हा आकडा आपल्या घरांना जास्त लागू पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये घरच्या वापराच्या साध्या मिठाऐवजी पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचं मीठ वापरायला सुचवलं. मात्र ती सूचना सशर्त आहे, आणि लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचा त्रास असणारे यांना तिच्यातून वगळलं आहे. शेवटच्या गटाबद्दल पुढे सविस्तर येईलच.

इथे एक गोष्ट नजरेतून निसटते. हे आकडे २५ ते ३० टक्क्यांच्या मिश्रणाचे आहेत. १५ टक्केवाल्या पाकिटाच्या नावावर ते चिकटवता येत नाहीत. दोन्ही एकाच फळीवर, एकाच घराण्याच्या नावाने उभी असतात म्हणून गुणही सारखे असं होत नाही.

पाकीट किती दिवस पुरतं, त्यावरून सुरुवात

नवं मीठ आणण्याआधी घरात मीठ जातं किती ते कळायला हवं. त्याला तराजू लागत नाही. मिठाचं एक किलोचं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख टाका, संपेल त्या दिवशी पुन्हा बघा. चारजणांच्या घरात किलोचं पाकीट ३० दिवसांत संपलं, तर माणशी रोज सव्वाआठ ग्रॅम मीठ झालं. यातून लोणच्याला किंवा मासळी धुवायला गेलेलं मीठ वजा करा. बाहेरच्या खाण्यातून येणारं यात धरलेलंच नाही. मर्यादा आहे माणशी पाच ग्रॅम, तीही सगळं धरून. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-सूचनांतही पाचच ग्रॅम दिले आहेत.

सव्वाआठ ग्रॅम साध्या मिठात सुमारे ३,२७० मिलिग्रॅम सोडियम असतं. तेवढंच मीठ १५ टक्केवालं वापरलं तर ते २,७८० वर येतं, ३० टक्केवालं वापरलं तर २,२९० वर. गाठायचे आहेत २,०००, म्हणजे पाच ग्रॅम मिठातलं सोडियम. म्हणजे ३० टक्केवालं मुक्कामाच्या जवळ नेऊन सोडतं आणि १५ टक्केवालं पहिल्या थांब्यावर उतरवतं.

आता याच्याशी कणकेची तुलना करून बघा. अर्धा किलो कणकेत एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ घातलं आणि त्याच्या सोळा पोळ्या झाल्या, तर दिवसाला चार पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात नुसत्या पोळ्यांतून सव्वा ग्रॅम मीठ जातं. हे सोडियम होतं सुमारे ४९० मिलिग्रॅम. १५ टक्केवालं मीठ वाचवतं तेही बरोबर तितकंच. भाकरीत मीठ घालत नाहीत आणि कुणाची तक्रार नसते. पोळीतलं बंद केलं तर आठवड्याभरात कुणाच्या लक्षातही राहत नाही. भाताच्या पाण्यातल्या मिठाचंही तसंच. ज्या घरांना महाग पाकीट परवडत नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी, आणि ज्यांना परवडतं त्यांनीही.

या मिठाचा सगळ्यात मोठा घात हात करतो. पोटॅशियम क्लोराइड जिभेला थोडं कमी खारट लागतं. आमटी अळणी वाटली की हात आपोआप बरणीकडे जातो. १५ टक्केवालं मीठ पाच चमच्यांऐवजी सहा चमचे पडलं की सोडियम होतं तिथेच परत येतं. फायदा शून्य, वर पाकिटाचे जास्तीचे पैसे. ३० टक्केवाल्यात पाचाचे सात व्हावे लागतात तेव्हा फायदा संपतो, म्हणून ते चुकीला जास्त जागा देतं. यावर उपाय दिवसाच्या वाटीचा. सकाळी एका छोट्या वाटीत दिवसभराचं मीठ काढून ठेवायचं: चारजणांना तीन सपाट चमचे, म्हणजे १५ ग्रॅमच्या थोडं वर. नाश्त्यापासून रात्रीच्या खिचडीपर्यंत सगळं त्यातूनच. उरलेल्या पाच ग्रॅमची जागा लोणचं-पापड-बिस्किटांसाठी सोडलेली. चमचा मात्र एकदा वजनकाट्यावर तपासून घ्या. आपल्या घरांतले स्टीलचे चमचे कुठे तीन ग्रॅमचे, कुठे आठ ग्रॅमचे असतात, आणि शिगोशीग भरला तर सपाटच्या दुप्पट होतो.

कुठल्या पदार्थात निभतं, कुठल्यात नाही

पोटॅशियम क्लोराइडची खोड म्हणजे मागे रेंगाळणारी कडसर, धातूसारखी चव. १५ टक्क्यांत ती बहुतेकांना कळत नाही. ३० टक्क्यांत कळते, पण सगळीकडे नाही. पदार्थ जितका साधा तितकी ती उघडी पडते.

चिंच-गुळाची आमटी, आमसुलाचं सार, कटाची आमटी, वाटणाचा रस्सा, लसणाच्या फोडणीची पालेभाजी, मसालेभात, भरली वांगी यांत ३० टक्केवालं बिनदिक्कत चालतं. आंबट आणि गोड या दोन चवी कडसरपणा झाकतात, आणि आमटीत गूळ आणि आमसूल घालायची आपली पद्धत इथे आयती कामाला येते. गोडा मसाला, लसूण, हिंग, भाजलेलं खोबरं, ओवा हेही मदतीला येतात. उसळींत अडचण नाही. इडली-डोशाच्या पिठात हे मीठ घालून पीठ नीट येतं. उडदाचा स्वाद पुरेसा जोरकस असतो.

अडचण पांढऱ्या पदार्थांत. साधं वरण, पातळ ताक, मठ्ठा, दहीभात, उकडलेले बटाटे, मऊभात यांत झाकायला काही नसतं. ताकात तर चटकन कळतं, कारण ताक थंड असतं आणि मीठ शेवटी पडतं. ताकात जिरेपूड, आलं, कोथिंबीर वाढवून मीठ अर्धं करणं हा इथे चांगला मार्ग. एका पेल्याला पाव चमचा मीठ घालायची सवय असेल तर त्या एका पेल्यातच जवळजवळ ४९० मिलिग्रॅम सोडियम आहे. उन्हाळ्यात दोन पेले होतात. काकडीची कोशिंबीर वेगळ्याच कारणाने फसते. काकडी मुळात थोडी कडवट असू शकते आणि दोष मिठावर जातो. शिवाय आधी मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, ते ओतून दिलं जातं आणि वाढताना पुन्हा मीठ पडतं. कोशिंबिरीत मीठ पानावर बसताना घाला. दाण्याचं कूट आणि दही असेल तर ३० टक्केवालंही खपतं.

पेरूच्या किंवा कैरीच्या फोडीला लावायला हे मीठ घेऊ नये. चव बिघडते, आणि बिघडलेल्या चवीचा राग सगळ्या पाकिटावर निघतो.

वर्षाच्या लोणच्यात तर नकोच. किलोभर कैरीला २०० ते २५० ग्रॅम मीठ पडतं, ते चवीपेक्षा टिकण्यासाठी. मीठ फोडीतलं पाणी बांधून ठेवतं आणि बुरशीला वाव राहत नाही. पोटॅशियम क्लोराइड वजनाला वजन तेवढं पाणी बांधत नाही, म्हणून कृती न बदलता नुसतं मीठ बदललं तर लोणचं पावसाळ्यात दगा देऊ शकतं, आणि इतक्या प्रमाणात ते कडू लागणार ते वेगळंच. लोणचं साध्या मिठाचंच घाला, खाण्यात हात आखडता घ्या. पापड, कुरडया, सांडग्यांनाही हाच न्याय.

तापवल्याने हे मीठ ‘बिघडतं’ अशी एक समजूत फिरते. पोटॅशियम क्लोराइड चुलीच्या आचेवर फुटत नाही. कडसरपणा जाणवतो तो पाणी आटून मीठ दाट झाल्यामुळे. म्हणून सुक्या भाज्यांत मीठ शेवटी, आच बंद करताना घाला. जिभेला ते आधी भेटतं आणि कमी पुरतं.

सवय लागण्यासाठी पहिले दोन आठवडे साधं आणि ३० टक्केवालं निम्मं-निम्मं मिसळून वापरावं. मग ३० टक्केवाल्याच्या तीन भागांना साध्याचा एक भाग, मग पूर्ण ३० टक्केवालं. जिभेला जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी पूर्ण बदल करून चौथ्या दिवशी पाकीट मोलकरणीला देऊन टाकणं, हा या मिठाच्या अपयशाचा नेहमीचा मार्ग आहे.

पंगतीत कुणाचं मूत्रपिंड बसलं आहे?

इथे आता खरा मुद्दा. पाकिटावर हृदयाचं चित्र काढणं सोपं. मूत्रपिंडाचं कोण काढणार? सव्वाआठ ग्रॅमच्या हिशेबाने ३० टक्केवाल्या मिठातून रोज सुमारे १,३०० मिलिग्रॅम पोटॅशियम जादा पोटात जातं, म्हणजे तीन-साडेतीन केळ्यांइतकं. निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे सहज बाहेर टाकतं, आणि रक्तदाब उतरण्यात या पोटॅशियमचाही वाटा असतो. मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते रक्तात साचतं. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. ते बरंच वर गेलं की हृदयाची लय बिघडू शकते. बहुतेकदा आधी काही जाणवतही नाही. फार तर पायात अशक्तपणा, छातीत धडधड.

आणि मीठ हा काही माणसागणिक वेगळा ठेवायचा डबा नाही. ते एकाच पातेल्यात पडतं. रक्तदाब सुनेचा म्हणून आणलेलं मीठ सासऱ्यांच्या ताटातही जातं, आणि त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकलं की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) १.९ असतं. गोळीची चिठ्ठी एका नावाची असते, मिठाला तशी चिठ्ठी नसते. म्हणून पाकीट घेण्याआधी एकाच पातेल्यातून जेवणाऱ्या सगळ्यांची झाडाझडती घ्यावी लागते.

ज्या घरात मूत्रपिंडाचा जुना आजार, डायलिसिस किंवा मूत्रपिंड बदललेलं कुणी असेल, त्या घरात हे मीठ आणूच नये. “त्यांच्यासाठी वेगळी बरणी ठेवू” हे दोन आठवडे टिकतं, मग पांढऱ्याशुभ्र दोन बरण्या एकमेकींच्या जागी जातात. अशा घरात साधंच मीठ, पण कमी.

त्याखालोखाल औषधं. स्पायरोनोलॅक्टोन, इप्लेरेनोन, अमिलोराइड या गोळ्या पोटॅशियम शरीरात राखून ठेवतात. त्यांच्यासोबत हे मीठ डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय नको. शेवटी ‘प्रिल’ असलेल्या (रॅमिप्रिल, एनालाप्रिल) आणि ‘सार्टन’ असलेल्या (टेल्मिसार्टन, लोसार्टन) गोळ्याही पोटॅशियम थोडं वर नेतात. टेल्मिसार्टन तर आपल्याकडे घरोघरी आहे. ही गोळी चालू असेल म्हणून मीठ लगेच वर्ज्य ठरत नाही, पण सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यायला हवं. अ‍ॅम्लोडिपिनचा याच्याशी काही संबंध नाही. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन वारंवार घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगावं. या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि पोटॅशियम चढवू शकतात. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम असलेल्या गोळ्यांचा कोर्स चालू असेल तर तेवढे दिवस साधं मीठ.

मधुमेह असलेल्यांची गोष्ट वेगळ्याने सांगायला हवी. त्यांच्यात मूत्रपिंड हळूहळू आणि मुकाट्याने झिजतं. साखरेचा अहवाल दर तीन महिन्यांनी काढणारी माणसं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षानुवर्षं तपासत नाहीत. या दोन तपासण्या झाल्याशिवाय मधुमेह्याच्या घरात ३० टक्केवालं मीठ आणू नये. नुसतं क्रिएटिनिन पाहून भागत नाही. वय धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, अहवालात मागून घ्या. सत्तरीतल्या बारीक अंगाच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ दिसायला ठीक दिसतं, पण ईजीएफआर काढला तर ६० च्या खाली निघू शकतो.

आणखी एक, सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट. जुलाब-उलट्यांत घरी जलसंजीवनी करायची वेळ आली, म्हणजे एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, तर ते मीठ साधंच हवं. तिथे सोडियमच भरून काढायचं असतं, आणि पाणी कमी झालेल्या शरीराला जादा पोटॅशियम घालवणं जड जातं. जुलाब थांबेपर्यंत स्वयंपाकातलंही साधं करा. थोडक्यात, कमी सोडियमचं मीठ आणलं तरी अर्ध्या किलोची साध्या मिठाची पिशवी घरात राहूच द्या.

ताटाची डावी बाजू

पाकीट कितीही चांगलं असलं तरी ते पोहोचतं ताटाच्या उजव्या बाजूला, भाजी-आमटीपर्यंत. डावी बाजू त्याच्या हाताबाहेरची: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, पापड. वर सांगितलेल्या प्रमाणाने केलेल्या लोणच्याच्या दहा ग्रॅममध्ये, म्हणजे एका लहान फोडीत आणि तिला लागलेल्या खारात, सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. दोन्ही वेळच्या जेवणात एकेक फोड घेतली तर अडीच ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा निम्मा वाटा तिथेच गेला. ३० टक्केवाल्या मिठाने सबंध दिवसात वाचवलं होतं तेवढंच हे परत आलं. लोणचं सोडा असं कोण सांगणार, पण खार बरणीतच निथळू द्या आणि फोड एकाच जेवणाला घ्या. डाव्या बाजूला जवस, कारळं किंवा तिळाची कोरडी चटणी आणा, निम्म्या मिठाची. पानात वाढलेलं चिमूटभर मीठ बंद करून लिंबाची फोड मोठी करा. आंबट लागलं की जीभ मीठ कमी मागते.

पापडात दुहेरी मार असतो, मिठाचा आणि पापडखाराचा, पापडखारही सोडियमचाच. खायच्या सोड्यातही सोडियम असतं हे भजी-ढोकळ्याच्या वेळी कुणाच्या ध्यानात नसतं: एका सपाट चमच्यात सुमारे १,२५० मिलिग्रॅम. पोटात जळजळ झाली म्हणून पाण्यात विरघळवून घ्यायची फसफसणारी पूडही त्याच जातीची. कोकणात खारवलेली मासळी असेल तर अर्धा तास पाण्यात भिजवा, पाणी दोनदा बदला आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका.

पाकिटातल्या खाण्यावर ‘मीठ’ लिहिलेलं नसतं, ‘सोडियम’ लिहिलेलं असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ निघतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. फरसाण, शेव, ब्रेड, झटपट नूडल्स, खारी, बिस्किटं आणि सूपच्या पुड्या हा गुणाकार करून पाहिल्या की बऱ्याच गोष्टी फळीवर परत जातात. आठवड्यातून चार-पाचदा बाहेर जेवणाऱ्याला घरचं मीठ बदलून फारसं काही मिळणार नाही, हेही सांगितलं पाहिजे.

उतरलं का, हे कसं बघायचं

चार-पाच अंशांचा फरक एका मोजणीत दिसत नाही. रक्तदाब जिने चढूनही त्याहून जास्त हलतो. म्हणून सरासरीच काढावी लागते. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वर जातो. मीठ बदलण्याआधीचे सात दिवस रोज सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणापूर्वी, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकी सहा दिवसांची सरासरी काढा. मीठ पूर्ण बदलल्यावर चार आठवड्यांनी हाच आठवडा पुन्हा, तसाच. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या खाली राहणं हे ध्येय.

सरासरी उतरली म्हणून गोळी स्वतः कमी करू नका. उलट वरचा आकडा वारंवार ११० च्या खाली येऊ लागला, किंवा उठून उभं राहताना अंधारी यायला लागली, तर डॉक्टरांकडे ही नोंदवही घेऊन जा. गोळीची मात्रा तेच ठरवतील. आठवडे उलटूनही सरासरी जागची हलली नाही तर आधी पाकिटावरची तारीख बघा. नवं किलोचं पाकीट पंचवीस दिवसांत संपलं असेल, तर कुठे काय झालं ते कळलंच.

शिफारस आणि साठवण

घरात सगळ्यांची मूत्रपिंडं तपासलेली आणि चांगली असतील, कुणाला रक्तदाब असेल आणि बहुतेक जेवण घरचं असेल, तर ३० टक्केवालं घ्या. जास्तीची किंमत वसूल होते, कारण किलोचं पाकीट चारजणांना निदान महिनाभर पुरतं. १५ टक्केवालं घेण्याचं एकच सयुक्तिक कारण म्हणजे घरातल्या कुणाला ३० ची चव अजिबात सोसत नाही. पण मग कणकेतलं मीठ बंद करणं त्याच्या जोडीला हवंच. घरात लहान मूल असेल तर त्याचा भात-वरण मीठ घालण्याआधी बाजूला काढा. मूत्रपिंडाचा प्रश्न असलेल्या घराला दोन्हींपैकी कुठलंच नको.

साठवताना पावसाळ्याचा विचार करा. दमट हवेत मिश्र मीठ साध्या मिठाआधी ओल धरतं, कोकणात तर आषाढातच गठ्ठे होतात. किलोचं पाकीट एकदम बरणीत ओतू नका. पाव किलो घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढा, बाकी पाकिटातच, चिमटा लावून. तळाशी भाजलेल्या तांदळाचे दाणे टाकले तर बरं. चमचा कोरडाच हवा, आणि उकळत्या पातेल्यावर बरणी तिरकी करून मीठ घालायची सवय मोडावी. वाफ बरणीत शिरते आणि मापही राहत नाही. बरणीवर ठळक अक्षरांत ‘पोटॅशियमचं मीठ’ असं लिहून चिकटवा, म्हणजे सुट्टीला आलेल्या आत्याबाईंनाही ते दिसेल.